कोरा रकाना

नीतीचे प्रश्न नेहमी भरजरी पोषाख करूनच दारात उभे राहतात असे नाही. वचनासाठी राज्य सोडावे की नाही, हा प्रश्न हरिश्चंद्राच्या वाट्याला आला. तुमच्याआमच्या वाट्याला येणारे प्रश्न अगदी साध्या वेषात येतात. कधी ते वाण्याच्या यादीतून येतात, कधी घरभाड्याच्या पावतीतून. मला भेटलेला प्रश्न एका वहीच्या रकान्यातून आला. रकान्याचे नाव बदलायचे होते, एवढेच. पण त्या रकान्याने गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे, आणि त्यात जो थोडाबहुत धर्माधर्माचा विचार दडलेला मला दिसला, तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

वही कसली, ते आधी सांगितले पाहिजे. माझा व्यवसाय यंत्रांवर पहारा ठेवण्याचा आहे. आपण घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढतो, भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतो, मुलाचा निकाल पाहतो. त्या प्रत्येक वेळी कुठल्या तरी दूरच्या इमारतीत, थंड खोल्यांतून रांगेने मांडलेले संगणक राबत असतात. ह्या संगणकांनाही ताप चढतो, धाप लागते, कधी खाणे जास्त होऊन पोट गच्च होते. रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी जसा तक्ता लटकवलेला असतो आणि परिचारिका ठरल्या वेळी येऊन त्यावर ताप, नाडी, रक्तदाब लिहून जाते, तशीच व्यवस्था ह्या संगणकांसाठीही केलेली असते. फरक इतकाच, की येथे परिचारिकेचे काम दुसरे एक सॉफ्टवेअर करते, आणि ते बहुधा दर १०-१५ सेकंदांनी नाडी पाहते. काम किती चालले आहे, स्मृती किती उरली, डिस्क किती भरली, गिऱ्हाइकाला उत्तर मिळायला किती वेळ लागला, अशा प्रत्येक गोष्टीला एक रकाना. रकान्यांच्या ह्या मांडणीला आमच्या धंद्यात ‘स्कीमा’ म्हणतात. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की हेच सॉफ्टवेअर झोपलेल्या माणसाला फोन करून उठवते. माणूस निश्चिंत झोपतो तो ह्या वहीच्या भरवशावर.

आता हे रकाने बदलावे का लागतात? घरखर्चाच्या वहीचेच पाहा ना. नव्या संसारात ‘किराणा’ आणि ‘इतर’ एवढे दोन रकाने पुरतात. मुले शाळेत जाऊ लागली की ‘फी’ वेगळी काढावी लागते. सासूबाईंचे औषध सुरू झाले की ‘इतर’चे पोट फुगते आणि ‘औषध’ असा नवा रकाना त्यातून बाहेर येतो. संसार वाढतो तशी वही वाढते. जी वही कधीच बदलत नाही तिचा मालक एक तर फार सुखी असावा, नाही तर तो हिशेबच लिहीत नसावा. तेव्हा बदलाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न बदल कसा करावा ह्याचा आहे.

प्रोमिथियस नावाचे पहारा ठेवणारे एक सॉफ्टवेअर आहे. साउंडक्लाउड ह्या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीत २०१२ साली ते सुरू झाले, पुढे सर्वांना खुले झाले, आणि आज जगभर वापरात आहे. ग्रीक पुराणात माणसासाठी अग्नी चोरून आणणारा जो प्रोमिथियस, त्याचेच हे नाव. त्या नावाचा अर्थ ‘आधी विचार करणारा’ असा सांगतात. प्रत्येक संगणकावर बसून त्याची नाडी सांगणारा ह्या प्रोमिथियसचा एक मदतनीस आहे. त्याला नोड एक्स्पोर्टर म्हणतात. मे २०१८ मध्ये त्याची ०.१६ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात अनेक रकान्यांची नावे बदलली. पूर्वी जे नुसते ‘नोड सीपीयू’ होते ते ‘नोड सीपीयू सेकंड्स टोटल’ झाले. मोकळ्या स्मृतीच्या रकान्याच्या शेवटी ‘बाइट्स’ हा शब्द आला. सुधारणा न्याय्यच होती. ‘दूध ४’ असे लिहिण्यापेक्षा ‘दूध, लिटर, ४’ असे लिहिणे केव्हाही शहाणपणाचे. माप नावातच असले म्हणजे वाचणाऱ्याला विचारत बसावे लागत नाही. बदलणाऱ्यांनी लपवाछपवीही केली नव्हती. त्यांनी दवंडी पिटली होती, आणि जुन्या-नव्या नावांची सांगड घालणारे नमुन्याचे नियमही बरोबर दिले होते.

आणि तरीही अशा बदलात एक धोका लपलेला असतो. इशाऱ्याचा नियम साधारण असा लिहिलेला असतो : ‘अमुक नावाच्या रकान्यातला आकडा ९० च्या वर गेला तर मला उठव.’ आता ते नावच वहीतून नाहीसे झाले तर पहारेकरी काय करतो? रकाना सापडत नाही म्हणून तो आरडाओरडा करीत नाही. ज्या नावाची एकही नोंद नाही, त्या नावाची ९० च्या वरची नोंदही नाही, असा त्याचा सरळ तर्क. तो गप्प बसतो. आणि पहारेकरी गप्प आहे त्या अर्थी सारे क्षेम आहे, असा आपला तर्क. दोन्ही तर्क आपापल्या जागी बिनचूक आहेत. त्यांची बेरीज मात्र अनर्थात होते. डिस्क भरत जाते, स्मृती संपत येते, आणि फोन वाजत नाही.

मौनाचे असे दोन अर्थ असतात, हे आपल्याला घरातही कळलेले असते, पण आपण ते विसरतो. गावी एकट्या राहणाऱ्या आईचा फोन आठवडाभर आला नाही, तर ‘काही कळवले नाही म्हणजे बरी असेल’ असे म्हणून आपण कामाला लागतो. तिचा फोनच बंद पडलेला असेल, ही शंका दुसऱ्या आठवड्यात येते. म्हणून प्रोमिथियसमध्ये एक वेगळी सोय आहे. ‘अमुक रकाना बोलायचाच थांबला तर मला उठव’ असा उलटा नियमही लिहिता येतो. शाळेतल्या हजेरीसारखाच हा प्रकार. ‘हजर’ कोण म्हणाले एवढ्यावर मास्तर थांबत नाहीत. कोण काहीच बोलले नाही, तेही ते पाहतात. पण हा उलटा नियम आपण होऊन लिहावा लागतो, आणि तो लिहिण्याची बुद्धी बहुधा एकदा पस्तावल्यावरच होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहारेकरी मुका झाला ह्याचा दोष कोणाचा? नाव बदलणारा म्हणेल, ‘मी तर दवंडी पिटली होती, तुम्ही ऐकली नाही.’ वाचणारा म्हणेल, ‘माझा भरवसा होता, तो तुम्ही मोडलात.’ बदलणाऱ्याची मोठी अडचण अशी, की आपली वही कोण कोण वाचते हे त्याला ठाऊकच नसते. मला अशा वेळी पाणपोईची आठवण होते. एखादा सज्जन आपल्या दारापुढे, रस्त्याच्या कडेला, रांजण भरून ठेवतो. कोणी त्याला सांगितलेले नसते, आणि तो कोणाकडून दिडकी घेत नाही. रांजण उद्या उचलायचा हक्क त्याला आहेच. पण दहा वर्षांत त्या वाटेने जाणाऱ्यांनी आपल्या चालीचा हिशेबच ह्या रांजणावर बसवलेला असतो. पाण्याचे ओझे घरी ठेवून ते निघतात. भर उन्हाळ्यात, आदल्या दिवशी पाटी न लावता तो रांजण उचलणारा माणूस कायद्याने निर्दोष असेल, पण त्याला सज्जन म्हणायला जीभ कचरते. दान देताना जे ऋण नव्हते ते लोकांच्या भरवशाने मागाहून उत्पन्न झालेले असते. आणि असे ऋण फेडायला फार लागत नाही. पाटी वेळेवर लावावी, आणि पुढचे पाणी कुठे आहे ते तिच्यावर लिहावे.

पण नाव बदलणे हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. त्याहून घातकी प्रकार म्हणजे नाव तेच ठेवून अर्थ बदलणे. ह्याची एक मोठी महाग कथा अमेरिकेत घडली आहे. शेअरबाजारात उलाढाल करणारी नाइट कॅपिटल नावाची कंपनी होती. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचे एक जुने काम होते. २००३ पासून त्याचा वापर बंद होता, पण त्याचे कलेवर यंत्रात तसेच पडून होते. एक ठरावीक खूण आली की ते जागे होई. २०१२ साली नवे काम आले, तेव्हा हीच रिकामी पडलेली खूण त्याला देण्यात आली. आठ संगणकांपैकी सातांवर नवे सॉफ्टवेअर पोचले. आठव्यावर पोचायचे राहिले. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला, ती खूण आली, आणि सात संगणकांनी तिचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. ह्याहून मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने ‘पॉवर पेग’चे नाव घेणारे ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण असले ई-मेल म्हणजे धोक्याचा इशारा समजायचा, असे कोणी ठरवलेलेच नव्हते. पहारेकरी ९७ वेळा बोलला, आणि त्याचे बोलणे कोणी आपले मानले नाही.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे, आणि ती मला फार गोड वाटते. पण आजोबांच्या नावची पत्रे अजून दारात पडत असतील तर पोस्टमनची पंचाईत होणारच. यंत्रे तर पोस्टमनपेक्षाही भोळी असतात. ती चेहरा पाहत नाहीत, नाव पाहतात. म्हणूनच गूगलने २००८ साली सर्वांना खुल्या केलेल्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ ह्या पद्धतीत एक नियम सांगितलेला आहे. तिच्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. रकाना काढून टाकला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. तो ‘राखीव’ म्हणून लिहून ठेवायचा. गेलेल्या माणसाची खुर्ची काही घरांत कोणी लवकर वापरीत नाही, तसे हे मला वाटते. तिथे कारण मायेचे असते, इथे सावधगिरीचे. पण दोहोंच्या मुळाशी एकच जाणीव आहे, की जो येथे होता त्याच्याविषयी अजून कोणी तरी विचारीत येईल.

बदल जाहीरपणे आणि माणुसकीने कसा करावा, ह्याचा एक धडा आपल्या देशाने स्वतःच गिरवलेला आहे. १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी रुपयाचे रकाने बदलले. तोपर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै होत. त्या दिवसापासून १०० पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० पैसे सरळ जमले, पण एका आण्याचे सव्वासहा पैसे! पाव पैसा द्यायचा कोणी आणि घ्यायचा कोणी? ‘पैसा’ हे नाव जुनेच होते आणि अर्थ मात्र नवा. म्हणजे मघाच्या घातकी प्रकाराचीच पूर्ण तयारी. पण सरकारने एक साधी युक्ती केली. नव्या नाण्याला नुसते ‘पैसा’ न म्हणता ‘नया पैसा’ म्हटले. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी बाजारात बरोबरीने चालली. लोकांच्या हाताला आणि जिभेला सवय झाल्यावर, १ जून १९६४ पासून, ‘नया’ हे विशेषण गळून पडले. सात वर्षे एका विशेषणाने कोट्यवधी व्यवहारांवर पहारा केला आणि काम संपताच ते मुकाट्याने निघून गेले. ‘सोळा आणे खरे’ असे आपण अजून म्हणतो ते वेगळे. भाषेच्या वहीतून जुने रकाने इतक्या लवकर जात नाहीत.

आमच्या धंद्यातही अलीकडे हेच शहाणपण आले आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वह्यांना एकच रकाने असावेत म्हणून २०१९ साली ओपनटेलिमेट्री नावाचा एक सामायिक उद्योग सुरू झाला. संकेतस्थळांच्या देवाणघेवाणीसंबंधीची त्यांची नावे नोव्हेंबर २०२३ मध्ये कायम झाली, आणि त्यासाठी आधीची नावे बदलावी लागली. उत्तराला लागणारा वेळ पूर्वी मिलिसेकंदांत लिहीत. तो सेकंदांत लिहायचे ठरले. म्हणजे काल जिथे २५० होते तिथे आज ०.२५ आले. नाव तेच ठेवले असते तर यंत्र एका रात्रीत हजार पटींनी वेगवान झाले असे वाटून एखाद्या साहेबाने पेढेही वाटले असते. त्यांनी मापाबरोबर नावही बदलले. शिवाय, ज्याला हवे त्याने काही काळ जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी नोंदी कराव्यात, अशी कळही ठेवली. नया पैसा आणि आणा एकाच पाकिटात.

माझे एक वयाने मोठे स्नेही ह्याच धंद्यात आहेत. त्यांना माझे हे सारे विचार म्हणजे वहीला देव्हाऱ्यात बसवण्याचा प्रकार वाटतो. ते मला म्हणाले, “अहो, वही जिवंत माणसांसाठी असते. एका घरात दोन चुली किती दिवस पेटत्या ठेवायच्या? जुन्याचा खर्च, नव्याचा खर्च, आणि वर कोणी तरी दोन्हींची बेरीज करून दुप्पट आकडा सांगणार! जुने टाका आणि मोकळे व्हा. ज्याला अडेल तो येईल विचारायला.”

त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. जुने जपण्याचा खर्च खरा असतो, आणि तो जपणाऱ्याच्याच खिशातून जातो. शिवाय जुन्या चुकीला कवटाळून बसणे हीही एक अनीतीच आहे. केवळ लोकांना सवय आहे म्हणून वैद्याने चुकीच्या मापाने औषध देत राहू नये. पण ‘ज्याला अडेल तो येईल विचारायला’ हे त्यांचे शेवटचे वाक्य मला पटत नाही. ज्याला अडले आहे हे कळते तोच विचारायला येतो. मुक्या पहारेकऱ्याच्या भरवशावर झोपलेल्याला आपले अडले आहे हेच मुळी कळलेले नसते. आणि दुसरे असे, की काही वाचक अजून जन्माला यायचे असतात. ते विचारायला येतील तेव्हा उत्तर द्यायला आपण नसतो.

दोन चुली किती दिवस ठेवाव्यात, ह्याचे उत्तर मला मुंबईतच सापडले. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. यंत्रावरचा पहारा आज आला; हा तर साऱ्या पृथ्वीवरचा पहारा. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागले. विजेचा प्रवाह जमिनीत पाझरला की चुंबकसूची बहकणार, आणि पृथ्वीची नाडी म्हणून आपण ट्रामचीच नाडी लिहीत बसणार. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस ह्यांनी १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली ती १९०७ साली. पण कुलाब्याची वही १९०४ साली लगेच मिटली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जागा बदलल्यामुळे आकड्यांत किती फरक पडतो ते त्या दोन वर्षांनी सांगितले, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा धागा १८४१ पासून जोडता येतो तो त्या दोन वर्षांच्या गाठीमुळे. दोन चुली कायम ठेवायच्या नसतात हे स्नेह्यांचे म्हणणे मूस ह्यांनाही मान्य असावे. गाठ पक्की बसेपर्यंत मात्र त्या ठेवाव्या लागतात, आणि केव्हा विझवणार ते आधी सांगावे लागते.

आता ज्या रकान्याने मला छळले त्याकडे वळतो. वहीत नवा रकाना आला म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मागच्या ओळींत त्या रकान्यापुढे काय लिहायचे? संगणक हा प्रश्न अगदी नम्रपणे विचारतो, आणि त्याला द्यायला सर्वांत सोपे उत्तर असते ‘शून्य’. एका क्षणात मागची सारी पाने शून्यांनी भरून निघतात. वही नीटनेटकी दिसते, बेरजा अडत नाहीत, आलेख सलग उमटतो.

एका कार्यालयात असा आलेख मी पाहिलेला आहे. किती कामे रांगेत खोळंबली, ह्याचा रकाना तिथे मागाहून घातला होता आणि आधीच्या तीन वर्षांपुढे शून्ये भरली होती. योगायोगाने त्याच महिन्यात रात्रपाळीला नवी माणसे आली होती. पडद्यावर तीन वर्षांची सपाट रेघ आणि मग एकदम डोंगर! बैठकीत साऱ्यांच्या नजरा रात्रपाळीच्या प्रमुखाकडे वळल्या. तो बिचारा काय बोलणार? आकड्यांपुढे माणसाचे तोंड चालत नाही. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली, नुकतीच कामावर लागलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, तिथे शून्य नव्हतं. तिथे आपण पाहतच नव्हतो.” खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. एका वाक्याने एका माणसाची अब्रू वाचली.

त्या मुलीच्या वाक्यात मला साऱ्या प्रकरणाचे सार दिसते. शून्य ही एक संख्या आहे. पाहावे, मोजावे, आणि काही सापडले नाही तर ती लिहावी. न पाहता लिहिलेले शून्य म्हणजे खोटी साक्ष. आणि ती देणारा बहुधा वाईट माणूस नसतो, त्याला फक्त कोरी जागा सहन होत नसते. एडगर कॉड ह्यांनी १९७० साली कोष्टकांत माहिती मांडण्याचे जे शास्त्र घालून दिले, त्यात पुढे ‘माहीत नाही’ ह्यासाठी एक स्वतंत्र खूण आली. ती शून्यही नव्हे आणि रिकामा शब्दही नव्हे. तिची शून्याशी तुलना करू गेलात तर यंत्र होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तेथे उत्तरच अनिश्चित. हिशेबात ती त्रास देते म्हणून पुष्कळांना आवडत नाही. मला मात्र तिच्यात सभ्यता दिसते. मला ठाऊक नाही असे म्हणण्याची जी हिंमत माणसाला होत नाही, ती तिने यंत्राला दिली आहे.

कोणी विचारील, की एवढे जपून मिळते काय? पुन्हा कुलाब्याला जाऊ. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून उठलेले एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या माणसांनी त्या वेळी डोळ्यांनी पाहून, हाताने नोंदी केल्या. त्यांची नावे तुम्हाआम्हाला ठाऊक नाहीत. पुढे १४४ वर्षांनी, २००३ साली, सुरुतानी, लाखिना प्रभृती शास्त्रज्ञांनी त्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि त्यांवरून वादळाचा जोर ताडला. चुंबकत्वातला तो उतार सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतका होता. गंमत पाहा, टेस्ला हे एकक ठरले १९६० साली! म्हणजे नोंद करणाराला हे माप ठाऊक असणे शक्यच नव्हते. आपल्या आकड्याला पुढे कोणते नाव मिळेल, तो कोण वाचील, कशासाठी वाचील, ह्यांतले काहीही त्याला माहीत नव्हते. आज विजेच्या तारा आणि आकाशातले उपग्रह असल्या वादळापुढे टिकतील का, हा विचार करताना आपण त्याच्या वहीचा आधार घेतो. हे कसे शक्य झाले? त्याने पाहिले तेवढेच लिहिले, आपल्या मापात लिहिले, आणि पुढच्यांनी ते माप नव्या मापात बदलताना मूळ पान फाडून टाकले नाही.

वही बदलणाराला दोन दिशांचे देणे असते, असे मला वाटते. एक देणे मागचे, ज्याने नोंद केली त्याचे. त्याने जे पाहिले नाही ते त्याच्या नावावर घालू नये. दुसरे पुढचे, जो वाचील त्याचे. त्याला नाव आणि अर्थ ह्यांच्या जोडीविषयी फसवू नये. ह्या दोन देण्यांच्या मध्ये बदलणाराला पूर्ण मोकळीक आहे. त्याने खुशाल नवे रकाने आखावेत, जुने मोडीत काढावेत, मापे बदलावीत. फक्त बदलाची तारीख लिहावी, जुन्याचे नव्यात रूपांतर कसे करायचे ते लिहावे, काही काळ दोन्ही चालू ठेवावे, आणि जे ठाऊक नाही त्याची जागा कोरी सोडावी.

ह्यात मी नवे काही सांगितले असे नाही. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला आपले व्यापारी नवी वही पूजतात. वही नवी, कदाचित रकानेही नवे. पण पहिल्या पानावर मागची बाकी पुढे ओढलेली असते, आणि जुनी वही कापडात बांधून माळ्यावर ठेवलेली असते. कोणी कधी हिशेब विचारायला आलाच, तर शिडी लावून ती खाली काढता येते.